राजाच्या डोक्यावरची कडी

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तराजू मी केला आहे. दांडी पितळेची, पारडी दोन जुन्या घड्याळांच्या झाकणांची, काटा शिवणयंत्राच्या सुईचा. नाणं पाण्यात लोंबकळत ठेवून वजन करायची चौकट मी केली आहे. नाणं कडेवर उभं धरून सावकाश फिरवणारी लाकडी चकती मी केली आहे, आणि ती फिरवताना डगमगत नाही. तिरका उजेड पाडणारी पेटी मी केली आहे. आतून काळी, एकच फट, फटीला झडप. टेबल मी केलं, टेबलाचे खण केले, खणांत मखमल मी बसवली. भिंग तेवढं विकतचं आहे. त्याची मूठ हलत होती म्हणून तीही बदलली. यातलं एकही काम मला कुणी शिकवलेलं नाही.

ही यादी तुझ्या चिठ्ठीचं उत्तर आहे. पार्सलात नाण्याबरोबर तू लिहून टाकलंस, "घरगुती खटपटीवर नाणी पारखतोस म्हणे. गिऱ्हाईक तुझीच चिठ्ठी पाहिजे म्हणून अडून बसलंय, नाहीतर तुझ्या दारात कुत्रं पाठवलं नसतं." ठीक. तू माझ्या काकांचा मुलगा आहेस, काकांच्या दुकानात बसतोस, आणि तुझी भाषा अशी आहे. मी भाषा पारखत नाही. नाणं पारखतो.

नाणं ब्रिटिश आहे, चांदीचा मोठा क्राउन, साल १८१९. एका बाजूला राजाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा वीर आणि खाली उताणा पडलेला ड्रॅगन. ते खरं आहे. वजन अठ्ठावीस ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे असायला हवं तितकं. हवेतलं आणि पाण्यातलं वजन ताडून पाहिलं, धातू त्या काळच्या चांदीचाच. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला बारीक बुडबुडे असतात, कडेवर सांधा असतो. इथे दोन्ही नाहीत. राजाच्या कानावरचे केस झिजलेत, वीराची मांडी झिजली आहे, ड्रॅगन ताजातवाना आहे. कुणी घासूनपुसून चकचकीत केलेलं नाही, चांदीवर वयाची काळसर छटा शाबूत आहे. इथपर्यंत तुझं नशीब चांगलं.

आता कड. या नाण्याच्या कडेवर लॅटिन अक्षरं असतात, उठावाची. कुणी कड खरवडून चांदी चोरू नये म्हणून ती घालत. त्यांत 'टुटामेन' असा एक शब्द आहे. त्याची शेवटची तीन अक्षरं, एम, ई आणि एन, टांकसाळीत पडलेली नाहीत. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर कुणीतरी कधीतरी कडी डाखली होती, गळ्यात घालायला. पुढे ती काढली, डाख खरवडला, खड्ड्यात चांदीचा तुकडा बसवला आणि तीन अक्षरं हाताने कोरली. चांगला प्रयत्न आहे. पण एनचा दुसरा पाय केसभर जाड झाला आहे. ज्याने कोरलं त्याला एकतर घाई होती किंवा नजर नव्हती. माझ्या टेबलावर असं अक्षर उमटलं असतं तर मी दिवा मालवून झोपायला गेलो असतो.

तेव्हा 'कड मूळची आणि निर्दोष' असं मी लिहून देणार नाही. 'खरं नाणं, कड दुरुस्त केलेली' असं लिहीन. हवं असल्यास कळव. नाणं खणात सुरक्षित आहे.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकायची माझी तयारी नाही.

तुझा चुलतभाऊ


८ फेब्रुवारी

किसणीदादा,

घरात सगळे तुला किसणी का म्हणायचे ते पुन्हा एकदा पटलं. नाण्याचाही कीस काढलास. एनचा पाय म्हणे! अरे, माणसं स्वतःचे पाय बघत नाहीत, तू अक्षराचे बघत बसलास.

कडी बिडी काही नव्हती. नाणं आईच्या डब्यात होतं, कापसात गुंडाळलेलं. माझ्या आठवणीत ते तिथेच आहे. तुझ्याकडे यायच्या आधी त्याला काही झालेलं नव्हतं. तुझ्याकडे आल्यावर झालं असेल तर तुलाच माहीत. मी पाठवलं तेच नाणं तुझ्या खणात आहे ना? विचारून ठेवतो. मखमल फार मऊ असते, त्यावरून वस्तू घसरतात.

आता सरळ सांगतो, कारण तुला आडून बोललेलं कळत नाही. अण्णांच्या दुकानाचा करार मार्चअखेर संपतो. मालकाला अडीच लाख एकरकमी हवेत, नाहीतर तो गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देणार आहे. त्या पोराने मापंसुद्धा घेतली. अण्णा ज्या खिडकीखाली बसून चाळीस वर्षं बक्षिसांच्या कपांवर आणि घड्याळांवर नावं कोरत होते, तिथे तो काचेचं कपाट लावणार आहे. चष्मेवाला व्यापारी, तू त्याला ओळखतोस, या नाण्याचे चार लाख द्यायला तयार आहे. अट एकच, तुझी स्वच्छ चिठ्ठी. बाजारात तुझी सही चालते म्हणे. लोकांना काय, कुणाचीही चालते.

एक ओळ गाळायची आहे. बस. खोटं लिही म्हणत नाही, गप्प बस म्हणतोय. तेवढं तर तुला कधी जमलंच नाही. भरल्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर अण्णांच्या हातातल्या कपावर बोट ठेवून "काका, हे अक्षर तिरकं आहे" म्हणणारा तूच ना? बावीस वर्षांचं पोर, दोन वर्षं त्यांच्या घरात जेवलेलं. त्यांनी तुला बाहेर काढलं ते कमीच केलं. ते गेले तेव्हा तू फाटकापर्यंत येऊन परत फिरलास, तेही मी खिडकीतून पाहिलंय.

आई बरी आहे. तिने तुझी चौकशी केली नाही.

डावऱ्या


१३ फेब्रुवारी

डावऱ्या,

अक्षर तिरकंच होतं. ते आजही त्या कपावर तिरकं आहे, कुणाच्या तरी फडताळात. मी तेव्हा बरोबर होतो आणि बाहेर निघालो तेव्हाही बरोबर होतो.

नाणं बदललं का, असं तू विचारलंस. माझ्या या धंद्यात हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. सोबत मेणाची पट्टी पाठवतोय. नाण्याची पूर्ण कड मी तिच्यावर फिरवली आहे, सगळी अक्षरं उमटली आहेत. नाणं परत मिळालं की जुळवून बघ. पट्टी उन्हात ठेवू नकोस. हे सांगावं लागतं कारण तुझा निष्काळजीपणा मला पत्रातच दिसतो. तुझं हस्ताक्षर किती बिघडलंय! काकांच्या मुलाचं अक्षर असं? राग आला की तू वाकडंतिकडं लिहितोस, हे लहानपणापासूनचं.

आता मेणाच्या पट्टीवरची ती तीन अक्षरं भिंगाखाली बघ. कोरणी धातूत शिरते तिथे रेघ रुंद असते आणि बाहेर निघते तिथे निमुळती. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे कोरणी ढकलतो. या अक्षरांभोवतीच्या रेघा सगळ्या डावीकडून शिरल्या आहेत. मेणावर ठसा उलटा दिसेल, तेवढं ध्यानात घे. हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे.

चांदीत एवढी बारीक अक्षरं कोरणारे डावखुरे माझ्या माहितीत दोनच. एक काका. आणि काका असला एन हातावेगळा करणार नाहीत. ते मला सांगायचे, उजव्या हाताला मी काय शिकवू, तुझं सगळं माझ्या उलटं. तरी मी त्यांचं काम दोन वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून पाहिलं आहे. दुसरा तू.

म्हणजे झालं ते असं. कडी होती. चार लाख ऐकल्यावर तू ती काढलीस, खड्डा बुजवलास, अक्षरं कोरलीस, आणि नाणं माझ्याकडे पाठवलंस, की बघू या किसणीला दिसतं का. दिसलं. वर मलाच विचारतोस, नाणं बदललंस का!

चिठ्ठीत मी आता 'अलीकडे दुरुस्त केलेली' असं लिहिणार आहे. चष्मेवाल्याला मी स्वतः दाखवीन. माझ्या नावावर तुला लबाडी विकता येणार नाही. दुकान जाईल ते जाईल. काकांच्या खिडकीखाली बसून हे उद्योग होणार असतील तर तिथे मोबाइलची कव्हरं विकलेली परवडली.

दादा म्हणू नकोस. तू म्हणतही नाहीस, पण म्हणू नकोस.

तुझा चुलतभाऊ


२० फेब्रुवारी

पारखीसाहेब,

हे पत्र मी उजव्या हाताने लिहितोय. मागचंही उजव्यानेच होतं. दोन वर्षं झाली, डावा हात थरथरतो. चहाचा कप उचलला तर अर्धा बशीत. शर्टाची बटणं बायको लावते. डॉक्टर म्हणतात, नसेचं आहे, गोळ्या घ्या, बघू. मी कोरणी उचलली तर माझ्याच मांडीत घुसेल. बाहेर बोललो नाही कारण डावऱ्याचा डावा गेला हे कळलं तर कप घेऊन कोण येईल? सध्या कामं दुसऱ्याकडून करून घेतो आणि आपली म्हणून देतो. ही लबाडी मी करतो. ती तुला दिसली नाही. माझं हस्ताक्षर बघून तुला राग दिसला. वा! मेणावर उलटी रेघ ओळखतोस आणि कागदावरचा हात ओळखता येत नाही.

तुझी दोन्ही पत्रं मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. तुझा लाडका पुतण्या मला चोर म्हणतोय हे तिला कळू दे म्हटलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पहिल्या पत्रातलं ते एनचं पुन्हा वाच." वाचलं. "पुन्हा." पुन्हा वाचलं. "केसभर म्हणालाय?" मी म्हटलं, हो, केसभर, आणि कोरणाऱ्याला नजर नव्हती असंही म्हणालाय. त्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. तिला रडवलंस असं मला वाटलं.

आता दोन दिवस काहीतरी लिहितेय. मी जवळ गेलो की कागदावर हात ठेवते. तुला पाठवणार म्हणे. काय ते तुमचं तुम्ही बघा.

आणि हो, त्या चष्मेवाल्याला जाऊन सांग खुशाल. घर बुडवायचंच असेल तर नीट बुडव, केसभरही वर ठेवू नकोस.


२२ फेब्रुवारी

बाळा,

तुम्हाला दोघांना लहानपणी एकेक थोबाडीत कमी पडली, ती माझी चूक. आता हात पोचत नाही म्हणून लिहिते.

आधी धाकट्याचं. तो खोटं बोलला. कडी होती, आणि त्याला पक्कं ठाऊक आहे. मांडीवर बसून तो ती कडी चोखायचा, वरचे दोन दात तिच्यावरच घासून आले. विकायची घाई झाली म्हणून विसरला. पण नाण्याला त्याने हात लावलेला नाही. त्याचा हात कसा आहे ते त्याने तुला कळवलं म्हणतो. मला त्याने दीड वर्ष सांगितलं नव्हतं. मी बटणांवरून ओळखलं.

आता नाण्याचं. आमच्या संसाराच्या पहिल्या वर्षी तुझ्या काकांकडे मला द्यायला काही नव्हतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मजुरीऐवजी हे नाणं दिलं होतं. त्यांनी त्याला कडी डाखली आणि दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, चांगली साखळी पुढच्या वर्षी. ती पुढची वर्षं आलीच नाहीत, पण मी नाणं काढलं नाही. लोक विचारायचे, राजा तुमच्या नात्यातला का? मी म्हणायचे, हो, मामेसासरे.

तू गेलास त्या दिवशी हे जेवले नाहीत. आठवड्याने म्हणाले, "पोराकडे हत्यारं नाहीत. नुसते डोळे घेऊन काय करणार?" आमच्या घरात विकून हत्यारं येतील असं एकच होतं. मी गळ्यातून काढून यांच्या हातावर ठेवलं, त्याला पाठवा म्हणून. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण थोडं.

हे म्हणाले, कडी लावलेलं नाणं पाठवलं तर तो म्हणेल, काकांनी नाण्याचं वाटोळं केलं. मग कडी काढली. खड्डा पडला. तो बुजवला. मग ती तीन अक्षरं. बाळा, तीन अक्षरांना तीन महिने लागले. रोज दुकान बंद केल्यावर बसायचे. मला बोलायची बंदी. शिंक आली तर मी अंगणात जायची.

झालं त्या संध्याकाळी मी खोकं आणलं, दोरी आणली, तुझा पत्ता मिळवून ठेवला होता तो लिहिला. हे भिंगातून बघत बसले. बराच वेळ. मग नाणं कापसात गुंडाळून माझ्या डब्यात टाकलं. म्हणाले, "नाही पाठवत. एन जाड झालाय." मी म्हटलं, एवढंसं कोण बघतंय? म्हणाले, "तो बघेल." मी म्हटलं, मग दुरुस्त करा. म्हणाले, आता कोरणी लावली तर शेजारचं अक्षरही बिघडेल. मी पुष्कळ भांडले. एका एनसाठी पोराला उपाशी ठेवता का, म्हटलं. त्यांचं एकच, "तो बघेल आणि हसेल."

पुढे अधूनमधून ते डब्यातून काढायचे, उजेडाला धरायचे, परत ठेवायचे. शेवटच्या आजारपणातही एकदा मागितलं. बघून म्हणाले, "अजून जाडच आहे." जसा काही तो डब्यात बारीक होणार होता.

तुझं पत्र धाकट्याने वाचलं तेव्हा मी दार लावून घेतलं ते रडायला नव्हे. हसायला. मला वाटायचं, यांनी उगाच बाऊ केला, कुणाच्या बापाला दिसलं नसतं. आणि तू पहिल्याच पानावर! आता वर गेल्यावर मला मान्य करावं लागणार, की तुम्ही बरोबर होतात. चाळीस वर्षांच्या संसारात मी हे त्यांना कधी म्हटलेलं नाही.

नाणं तुझं आहे, तुझ्यासाठीच दुरुस्त झालं. दुकान धाकट्याचं आहे. याच्यापुढे मला काही सुचत नाही. दोघं मोठे झालात असं ऐकते, तर तुम्हीच बघा.

जेवत जा.

काकू


१ मार्च

दादा,

आईने मलाही सगळं सांगितलं, तुझं पत्र टाकून आल्यावर. पेटीत पडेपर्यंत तिचा माझ्यावर विश्वास नव्हता.

तर नाणं तुझं. ठेव. आई म्हणते म्हणजे तसंच. कडी नव्हती असं मी लिहिलं ते खोटं होतं. लिहिताना जीभ कडीवर होती.

पण एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. मी अण्णांकडे बारा वर्षं शिकलो. डावा हात, त्यांच्यासारखा. त्यांच्याच बाकावर, त्यांच्याच कोरण्यांनी. मी काही कोरून दाखवलं की ते भिंग न लावता बघायचे आणि म्हणायचे, "चालेल." बारा वर्षं चालेल! एकदा मी मुद्दाम एक अक्षर बिघडवून ठेवलं. ओरडतील, हात धरतील, काहीतरी करतील म्हणून. "चालेल," म्हणाले, आणि जेवायला गेले.

आणि ज्याला लाथ मारून बाहेर काढलं त्याच्या डोळ्यांची त्यांना मरेपर्यंत धास्ती. "तो बघेल." तो! मी शेजारी बसलेला होतो की. मी काय आंधळा होतो?

म्हणून तुझ्यावर माझा राग आहे, आणि तो काही उतरलेला नाही. चार लाख गेले त्याचा नाही. म्हणजे त्याचाही आहे, पण तो निराळ्या खणात ठेव.

कव्हरवाला पोरगा काल पुन्हा आला होता. खिडकी बुजवली तर भाडं कमी होईल का, विचारत होता.

डावऱ्या


१४ मार्च

धाकट्या,

आरोप मागे घेतो. तू कोरलेलं नाही. तिरक्या उजेडात पुन्हा पाहिलं. रेघांच्या तळाशी तीच काळसर छटा आहे जी बाकीच्या नाण्यावर आहे. इतकी खोल छटा चढायला पंचवीस-तीस वर्षं लागतात, दोन महिन्यांत ती येत नाही. पहिल्या दिवशी मी तिथवर पाहिलंच नाही. डावा हात दिसला आणि तुझं तोंड दिसलं, तिथेच थांबलो. पारखीने असं थांबू नये. हस्ताक्षराबद्दल जे लिहिलं तेही परत घेतो.

तुझा राग ठेव. मी तो घालवायला लिहीत नाही. 'चालेल' बद्दल एवढंच सांगतो, की मला त्यांनी तेवढंही कधी म्हटलं नाही. वाटून घ्यायला आपल्याकडे हेच आहे.

नाणं मी ठेवत नाही. सोबतच्या पार्सलात आहे, मेणाच्या पट्टीशी जुळवून घे. काकूंना सांग, काकांनी ते मला पाठवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांच्या ठरवण्याचं कारण योग्य होतं. त्यांनी रोखून धरलेली वस्तू मी मागच्या दाराने घेणार नाही. हत्यारं मी माझी केली. त्यांचा उपकार मला न पाठवूनच झाला, असं काकूंना सांगू नकोस, त्या मला पुन्हा थोबाडीत द्यायला निघतील.

चिठ्ठी नाण्याबरोबर आहे. अशी: "ब्रिटिश क्राउन, १८१९, खरा. झीज बेताची, मूळ छटा शाबूत. राजाच्या मस्तकावर पूर्वी कडी होती. ती काढून कड हाताने दुरुस्त केली आहे, तीन अक्षरं नव्याने कोरलेली, डाव्या हाताने, सुमारे अठ्ठावीस वर्षांपूर्वी. शेवटच्या एनचा दुसरा पाय केसभर जाड. याहून चांगली दुरुस्ती मी पाहिलेली नाही." एनचं वाक्य गाळलं असतं तर काकांनी मला दुसऱ्यांदा बाहेर काढलं असतं.

चष्मेवाला मंगळवारी इथे येऊन गेला. मी बोलावलं नव्हतं. जिना चढून धापा टाकत बसला, चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"हे कथाकथन कशाला?" म्हणाला. "मला नाणं पाहिजे, वंशावळ नको."

"नाण्यावर जे आहे ते लिहिलंय."

"साहेब, ही दुरुस्ती तुमच्याशिवाय कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसली."

"तुम्ही सोडून!"

"मी सोडून विचारायचं असेल तर माझ्याकडे कशाला आलात?"

मग तो हिशेबावर आला. या चिठ्ठीसकट नाण्याचे तो एक लाख साठ हजार देतो. मी दुसऱ्या दोघांना विचारून पाहिलं, भाव ठीक आहे. घे. मालकाला अडीच लाख हवेत. राहिले नव्वद हजार. ते मी भरतो. उसने नाहीत, मदत नाही, दुकानाच्या अर्ध्या भागाचं आगाऊ भाडं आहे. इथला जिना माझ्या गिऱ्हाइकांना झेपत नाही, चष्मेवाल्याची अवस्था पाहिली. माझं टेबल येईल, पेटी येईल. खिडकीखालचा बाक तुझा. त्याला मी हात लावणार नाही, तूही माझ्या खणांना लावू नकोस. टेबल मी भिंतीकडे तोंड करून लावीन म्हणजे एकमेकांची तोंडं बघायला लागणार नाहीत. कपांवरचं काम दुसऱ्याकडून करून घेतोस ते चालू दे, पण गिऱ्हाइकाला खरं सांग, आणि ते बाहेर जायच्या आधी मला दाखव. मी बघेन. तिरकं असेल तर तिरकं म्हणेन, गिऱ्हाईक समोर असलं तरी. पटत नसेल तर तसं कळव, आणि गाळा त्या पोराला दे.

आता राहिलेली गोष्ट. ही तुला चष्मेवाल्याकडून कळेलच, तो सगळीकडे सांगत सुटेल. त्यापेक्षा माझ्याकडून कळू दे, म्हणजे शिव्या देताना तुझ्याकडे नेमका आकडा असेल. जिन्यापर्यंत जाऊन तो परत आला आणि दार लोटून घेतलं. म्हणाला, कडीपासून एनपर्यंतची सगळी वाक्यं गाळा, 'कड मूळची' असे दोन शब्द लिहा, सही करा. ते दोन शब्द लिहिणं म्हणजे काकांचे ते तीन महिने झालेच नव्हते असं लिहून देणं, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी फक्त नाही म्हटलं. तो देत होता ते असं: नाण्याचे तुला चार लाख वीस हजार, आणि माझ्या हातात वेगळे साठ हजार. एकूण चार लाख ऐंशी हजार.